मिस बॉल यांची रीत

1922 साली त्वचारोगांना वाहिलेल्या एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात होनोलुलूचे डॉ. हॅरी हॉलमन यांचा लेख छापून आला. विषय होता कुष्ठरोगावर दिल्या जाणाऱ्या चालमुग्रा तेलाचा. या तेलापासून टोचण्याजोगं औषध बनवण्याची एक रीत तोवर नावारूपाला आली होती आणि तिला ‘डीन पद्धत’ म्हटलं जात होतं. डीन म्हणजे आर्थर डीन, हवाई विद्यापीठाचे अध्यक्ष आणि स्वतः रसायनशास्त्रज्ञ. हॉलमन यांनी लेखात सरळ लिहिलं, की हे कोडं मिस ॲलिस बॉल यांनी सोडवलं. मूळ रीत त्यांची आहे आणि नंतरच्या फेरफारांनी ती अधिक चांगली झालेली आपल्याला तरी दिसत नाही. त्यांनी रीतीला नावही बॉल यांचंच दिलं. बॉल यांना जाऊन तेव्हा पाच वर्षं होऊन गेली होती.

हा लेख कोणी दाबून टाकला नाही. तो रीतसर छापला गेला, ग्रंथालयांच्या फडताळांत गेला आणि तिथंच राहिला. पुढची कित्येक दशकं बॉल यांचं नाव जवळजवळ कोणी घेतलं नाही. आज त्यांच्याविषयी जे लिहिलं जातं, त्यात ‘इतिहासातून पुसून टाकलेली शास्त्रज्ञ’ असा सूर हमखास असतो. मला तो थोडा सैल वाटतो. पुसायचं म्हटलं तरी खटपट लागते, हातात फडकं घ्यावं लागतं. इथं तेवढीही गरज कोणाला वाटली नाही. एका कृष्णवर्णीय तरुणीचं नाव छापील पानावर ठळक होतं आणि वाचणाऱ्यांची नजर त्यावरून घसरून पुढं जात राहिली. ही गोष्ट फडक्यापेक्षा जास्त गंभीर आहे, कारण तिच्यात गुन्हेगार एकटा सापडत नाही.

बॉल यांचं हे छोटेखानी चरित्र मराठीत येतंय याचा मला आनंद आहे. लेखिकेनं प्रस्तावनेसाठी मला गाठलं, ते मी जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं म्हणून. त्यामुळे ही प्रस्तावना अधूनमधून फळ्याकडे वळली, तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. आणखी एक. बॉल वारल्या तेव्हा त्यांचं वय चोवीस होतं, म्हणजे माझ्या एमएस्सीच्या मुलींएवढं. तरीही मी त्यांना अहोजाहोच करणार आहे. डीन यांना ‘त्यांनी’ आणि बॉल यांना ‘तिनं’ असं लिहिणं मला जड जातं.

ॲलिस ऑगस्टा बॉल यांचा जन्म 24 जुलै 1892 रोजी सिएटलमध्ये झाला. जन्मदाखल्यात आईवडील दोघांचाही वंश ‘गोरा’ नोंदवलेला आहे. दोघंही कृष्णवर्णीय समाजातले, त्या समाजात उठबस असलेले. वडील वकील, वृत्तपत्राचे संपादक आणि छायाचित्रकारही. मग दाखल्यात असं का? मुलीच्या वाटेतले अडथळे कागदावर तरी कमी व्हावेत, म्हणून कोणी हे लिहवून घेतलं असेल का, असा प्रश्न लेखिका विचारते आणि तिथंच सोडून देते. तिथं सोडलं हे बरं केलं.

खरा रंगतदार माणूस आहे तो आजोबा, जेम्स प्रेस्ली बॉल. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर छायाचित्र उमटवण्याचं डॅगेरोटाइप तंत्र आत्मसात करणाऱ्या पहिल्या मोजक्या कृष्णवर्णीय अमेरिकनांपैकी हे एक. देशात गुलामगिरी कायदेशीर असताना सिनसिनाटी शहरात त्यांचा नामांकित स्टुडिओ होता. 1855 मध्ये त्यांनी गुलामांच्या व्यापाराची दृश्यं दाखवणारा एक अवाढव्य रंगवलेला पट तयार करवून लोकांसमोर उलगडून दाखवला. गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या फ्रेडरिक डग्लस यांच्यासारखा माणूस त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसला. या म्हाताऱ्याचे सांधे धरले होते, उबदार हवा मानवेल म्हणून नव्या शतकाच्या आरंभी सगळं कुटुंब होनोलुलूला गेलं. 1904 साली आजोबा गेले आणि पुढच्या वर्षी मंडळी सिएटलला परतली. घरातल्या डार्करूममुळे ॲलिस यांना रसायनांची ओढ लागली, असं त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण सांगतात. तसं असेलही. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की या घरात नजरेनं आणि हातानं करायच्या नेमक्या कामाला प्रतिष्ठा होती, आणि असं काम आपल्या वाट्याचं नाही असं मुलांना कोणी शिकवलेलं नव्हतं.

शिक्षणाचा भाग झरझर सांगतो, कारण तो मुख्यतः पदव्यांचा आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातून 1912 मध्ये औषधी रसायनशास्त्राची आणि 1914 मध्ये औषधनिर्माणशास्त्राची पदवी. त्याच वर्षी तिथले अध्यापक विल्यम डेन यांच्याबरोबर अमेरिकन केमिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये ईथरच्या द्रावणातल्या बेन्झॉयलीकरणावर शोधनिबंध. (हे डेन वेगळे, वर आलेले डीन वेगळे, वाचताना माझाही एकदोनदा गोंधळ उडाला.) बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीचं नाव त्या जर्नलात येणं ही तेव्हा कोणत्याही वंशाच्या मुलीच्या बाबतीत क्वचित घडणारी गोष्ट होती. पुढच्या शिक्षणासाठी बर्कलीचंही दार उघडं होतं. बॉल यांनी लहानपणी पाहिलेल्या हवाईतलं कॉलेज, म्हणजे पुढचं हवाई विद्यापीठ, निवडलं. तिथं त्यांनी कावा या वनस्पतीच्या मुळांमधल्या रासायनिक घटकांवर प्रबंध लिहिला. कावाचं पेय पॅसिफिक बेटांवर समारंभात आणि औषध म्हणूनही घेतात. 1915 मध्ये त्यांना पदव्युत्तर पदवी मिळाली. ती मिळवणाऱ्या त्या कॉलेजातल्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. लगेच तिथंच त्या रसायनशास्त्र शिकवू लागल्या.

‘पहिल्या’ हा शब्द चरित्रांमध्ये फार वापरला जातो आणि वाचकाला काहीच दाखवत नाही. कावाचा प्रबंध मात्र दाखवतो. राळ, तेल, पिष्ट असल्या गिचमिडीतून एकेक घटक सोडवून त्याची ओळख पटवायची, हे चिकाटीचं काम या बाईंना जमतं, हे होनोलुलूच्या डॉक्टरांना त्या कामावरून कळलं. हॉलमन त्यांच्याकडे गेले ते त्यासाठी.

हॉलमन काम करत होते कलिहीच्या रुग्णालयात. ते काय ठिकाण होतं हे समजून घेतल्याशिवाय पुढचं रसायन कोरडं वाटेल. हवाईच्या राज्यानं 1865 साली कायदा करून कुष्ठरुग्णांना वेगळं काढायचं ठरवलं. 1866 पासून त्यांना मोलोकाई बेटाच्या कलाउपापा द्वीपकल्पावर नेऊन सोडू लागले. तीन बाजूंना समुद्र, चौथ्या बाजूला सरळसोट कडा. 1898 मध्ये अमेरिकेनं हवाई ताब्यात घेतल्यावरही ही व्यवस्था तशीच चालू राहिली आणि थेट 1969 पर्यंत कागदोपत्री टिकली. या शंभर वर्षांत सुमारे 8,000 माणसं तिथं धाडली गेली. त्यांतली बहुसंख्य मूळ हवाईयन. होनोलुलूतलं कलिही हा या वाटेवरचा नाका होता. संशयितांना तिथं आणायचं, तपासायचं, काहींवर उपचार करून बघायचे आणि गुण आला नाही तर बोटीत बसवायचं. म्हणजे कलिहीत दिलेलं औषध लागू पडतं की नाही यावर माणूस घरी जाणार की मोलोकाईला, हे ठरत होतं.

औषध एकच होतं, चालमुग्राच्या बियांचं तेल. आपल्याकडे ते नवं नाही. सुश्रुतसंहितेत तुवरक नावाच्या झाडाचं तेल कुष्ठावर सांगितलं आहे आणि ही झाडं पश्चिम समुद्राच्या किनाऱ्याला वाढतात असंही म्हटलं आहे. कोकणात आणि सह्याद्रीच्या ओढ्यांकाठी दिसणारं कडू कवठ ते हेच, असं मानतात; गोव्यात त्याला खष्ट म्हणतात. ब्रह्मदेश आणि आसामकडे मिळणारा चालमुग्रा हा त्याचा सख्खा भाऊ, एकाच प्रजातीकुळातला. पाश्चात्त्य वैद्यकात या तेलाचा प्रवेश झाला तोही कलकत्त्यातून, 1854 मध्ये फ्रेडरिक मोआट या डॉक्टरनं केलेल्या नोंदीनंतर.

तेलात गुण असावा असं अनेकांना वाटत होतं, अडचण ते शरीरात पोचवण्याची होती. तोंडानं दिलं तर रुग्णाला इतकी मळमळ आणि उलट्या होत, की तो रोग परवडला म्हणे. अंगाला चोळून भागत नसे. सुईनं टोचावं तर ते काकवीसारखं दाट. कातडीखाली एका जागी साठून राही, गाठी धरत, गळवं होत आणि ठणका विचारू नका.

आता फळा. कोणतंही वनस्पती तेल म्हणजे ढोबळमानानं ग्लिसरीन आणि मेदाम्लं यांची सांगड. एका ग्लिसरीनच्या कण्याला तीन लांब मेदाम्लं लटकलेली असतात. चालमुग्राची खासियत अशी, की त्याच्या मेदाम्लांच्या शेपटाला पाच कार्बनांचं एक कडं असतं. असं कडं खोबरेल, शेंगदाणा, करडई यांच्या मेदाम्लांत सापडत नाही. ही आम्लं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लंडनमध्ये फ्रेडरिक पॉवर यांनी ओळखून काढली होती. बॉल यांनी केलं ते थोडक्यात असं: अल्कलीनं तेल फोडून ग्लिसरीन वेगळं केलं, मेदाम्लं मोकळी करून घेतली, त्यांची वर्गवारी केली आणि मग इथाइल अल्कोहोलशी त्यांचा संयोग घडवून त्यांचे इथाइल एस्टर बनवले. तीन शेपट्यांचा बोजड रेणू जाऊन एकेका शेपटीचे सुटसुटीत रेणू आले. दाट तेलाच्या जागी पातळ, सुईतून सहज उतरणारा आणि स्नायूत पसरून शोषला जाणारा द्रव हाती आला. औषधी कडं तसंच राहिलं.

कागदावर हे चार ओळींत मावतं. प्रत्यक्षात मेदाम्लं अलग करणं हे वैतागाचं काम आहे. ती एकमेकांसारखी असतात, एकमेकांत विरघळतात, तापवलं तर बिघडतात. दिवसभर वर्ग घेऊन उरलेल्या वेळात, वर्षभराच्या आत, तेवीस वर्षांच्या अध्यापिकेनं ते तडीस नेलं.

इथं लेखिकेशी माझे दोन मतभेद आहेत आणि ते तिला आधीच कळवले आहेत. पहिला लहान आहे. बॉल यांनी तेल ‘पाण्यात विरघळणारं’ केलं असं पुष्कळ ठिकाणी छापलं जातं आणि या पुस्तकातही एका जागी आलं आहे. इथाइल एस्टर पाण्यात विरघळत नाहीत. ते तेलच राहतात, फक्त पातळ. पाण्यात मिसळणारे होते ते सोडियमचे क्षार, आणि त्यांचा पाठपुरावा त्याच सुमारास कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स करत होते.

दुसरा मतभेद मोठा. चालमुग्राच्या मेदाम्लांचे इथाइल एस्टर बॉल यांच्याआधी कोणीच बनवले नव्हते, असं म्हणता येत नाही. जर्मनीच्या बायर कंपनीनं 1908 च्या सुमारास ‘अँटिलेप्रॉल’ नावानं असंच औषध बाजारात आणलं होतं. बॉल यांच्या भक्तांना हे सांगितलं की त्यांचे चेहरे पडतात. पडायचं कारण नाही. कंपनीचा माल महाग होता आणि त्यात सगळी मेदाम्लं सरमिसळ होती. हॉलमन यांना हवे होते ते वेगवेगळे अंश, म्हणजे कोणत्या भागात गुण आहे ते पारखता येईल. आणि हवी होती स्थानिक प्रयोगशाळेत, सरकारी पैशात, पुन्हापुन्हा करता येईल अशी कृती. बॉल यांनी ती दिली. रसायनशास्त्रात शोध पुष्कळदा असाच असतो. पदार्थ कोणाला तरी ठाऊक असतो, पण तो भरवशानं हातात आणून देणारी कृती नसते. ‘जगात प्रथम’ हा मुकुट काढून घेतला तरी बॉल यांचं काम तसूभर लहान होत नाही. उलट ते काय होतं हे नीट दिसू लागतं.

1916 साली त्या आजारी पडल्या, सिएटलला परतल्या आणि 31 डिसेंबरला वारल्या. वर्गात गॅस मास्कचं प्रात्यक्षिक दाखवताना क्लोरीन फुप्फुसांत गेल्यानं हे झालं असं होनोलुलूच्या एका वृत्तपत्रानं 1917 मध्ये सुचवलं. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र क्षयरोग लिहिलेला आहे, आणि तो दाखला नंतर बदललेला आहे. जन्माचा कागद आणि मृत्यूचा कागद, दोन्ही सरळ नाहीत; मधली चोवीस वर्षं तेवढी खणखणीत आहेत. आपली रीत छापून प्रसिद्ध करण्याइतका अवधी त्यांना मिळाला नाही.

तो डीन यांना मिळाला. त्यांनी सहकाऱ्यांसह काम पुढं नेलं, तेलाचे अंश पाडण्यावर 1920 मध्ये निबंध प्रसिद्ध केले, कॉलेजच्या प्रयोगशाळेत औषध मोठ्या प्रमाणावर बनू लागलं, बाहेरच्या देशांत पाठवलं जाऊ लागलं. बॉल यांचं नाव या निबंधांत नाही. डीन यांना खलनायक करून टाकणं सोपं आहे आणि लेखिकेनं तो मोह टाळलाय. त्यांनी काम केलं हे खरं. उत्पादन वाढवणं हेही कौशल्यच. पण आपल्याच संस्थेतल्या, आपण अध्यक्ष असताना पदवी घेतलेल्या, आपल्याच प्रयोगशाळेत खपलेल्या सहकाऱ्याचं नाव एका तळटीपेतही येऊ नये, याला अनवधान म्हणायला मी तयार नाही. त्या विद्यापीठातल्या एका इमारतीला आजही डीन यांचं नाव आहे.

औषधानं काय साधलं? 1920 च्या आसपास कलिहीतून 78 रुग्णांना घरी जाऊ दिलं गेलं. मोलोकाईच्या वाटेवर परतीची पावलं तोवर क्वचितच कोणी पाहिली होती, तेव्हा त्या बातमीनं केवढी खळबळ उडाली असेल. जोसेफ रॉक हे वनस्पतिशास्त्रज्ञ अमेरिकन सरकारच्या वतीनं चालमुग्राच्या बिया शोधायला सयाम, ब्रह्मदेश आणि आसामच्या जंगलांत गेले, आणि ओआहू बेटावर त्या झाडांची लागवड झाली. कलकत्त्यात अर्नेस्ट म्यूर हायड्नोकार्पसच्या इथाइल एस्टरांची इंजेक्शनं देत होते. हायड्नोकार्पस म्हणजे आपल्या कडू कवठाचंच शास्त्रीय घराणं. मुंबईत वडाळ्याचं ॲकवर्थ कुष्ठालय 1890 पासून उभं होतं. या सगळ्या जगाची मदार 1940 च्या दशकात सल्फोन औषधं येईपर्यंत या तेलावरच होती.

पण ‘बॉल यांनी कुष्ठरोगावर इलाज शोधला’ हे वाक्य मी छापू देणार नाही, आणि लेखिकेनं ते खोडलंही आहे. घरी गेलेल्यांपैकी काही जण पुन्हा आजारी होऊन परतले. रोग लवकर ध्यानात आला असेल तर तेलाचा उपयोग होई, मुरलेल्या रोगावर फारसा नाही. किती गुण तेलाचा आणि किती चांगल्या खाण्याचा, विश्रांतीचा, यावर डॉक्टर शेवटपर्यंत भांडत होते. जंतू खात्रीनं मारणारी औषधं नंतर आली आणि अनेक औषधं एकत्र देण्याची आजची पद्धत 1980 च्या दशकात रुळली. बाबा आमटे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचं शिक्षण घ्यायला गेले, तोवर तेलाचे दिवस सरत आले होते. बॉल यांनी जे दिलं ते मधल्या पंचवीस वर्षांसाठी होतं. त्या पंचवीस वर्षांत ज्यांना सुई टोचून घ्यावी लागली, त्यांना ती सोसवेल अशी झाली, आणि काहींना घर परत मिळालं. माझ्या मते एवढं भरपूर आहे.

त्यांच्या नावाचा पुन्हा शोध लागला त्याची हकिकत शेवटच्या प्रकरणात आहे. कॅथरीन तकारा या हवाई विद्यापीठातल्या प्राध्यापिका तिथल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास धुंडाळत होत्या. स्टॅन अली या छंदिष्ट वाचकाला मोलोकाईविषयीच्या जुन्या लिखाणात एका तरुण कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञाचा ओझरता उल्लेख सापडला आणि त्यांनी तो धागा सोडला नाही. ग्रंथपाल पॉल वर्मेजर यांनी कागद जुळवत आणले. अखेर 29 फेब्रुवारी 2000 रोजी विद्यापीठाच्या आवारातल्या चालमुग्राच्या झाडाशी बॉल यांच्या नावाची पाटी लागली. 2007 मध्ये विद्यापीठानं मरणोत्तर पदक दिलं. लंडनच्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या दर्शनी भिंतीवर 1929 पासून 23 नावं कोरलेली होती, सगळी पुरुषांची. 2019 मध्ये तिथं फ्लॉरेन्स नाइटिंगेल, मारी क्यूरी आणि ॲलिस बॉल ही तीन नावं वाढली. गौरवाची ही यादी मला फार भारावून टाकत नाही. ग्रंथपाल आणि छंदिष्ट वाचक यांनी जुन्या कागदांवर घालवलेल्या दुपारी मला जास्त मोलाच्या वाटतात, कारण 1922 चा तो लेख त्यांनी वाचला. वाचणं एवढंच बाकी होतं.

मराठीत शास्त्रज्ञांची चरित्रं बक्षीस समारंभाला शोभतील अशी लिहिण्याचा प्रघात आहे: हालअपेष्टा, जिद्द, यश, हार. बॉल यांचं आयुष्य या साच्यात बसवायला लेखिकेनं नकार दिला, म्हणून पुस्तक पातळ झालं. प्रकाशकांना आणखी शंभर पानं हवी होती असं कानावर आलं. पानं वाढवायची तर चोवीस वर्षांच्या त्या मुलीच्या मनात काय चाललं होतं हे कल्पनेनं भरावं लागलं असतं, आणि ज्या बाईंच्या कामावर दुसऱ्याचं नाव चढलं त्यांच्या तोंडी पुन्हा दुसऱ्याचे शब्द घालण्यात अर्थ नव्हता.

वाचकांना एकच सुचवतो. पुस्तक पहिल्या पानापासून वाचू नका. तिसऱ्या प्रकरणापासून सुरू करा, जिथं तेल आहे, कलिही आहे आणि प्रयोगशाळा आहे. रासायनिक सूत्रं कळली नाहीत तर पुढं जा, शेजारी आकृत्या आहेत. डीन यांच्यावरचं प्रकरण त्यानंतर घ्या, म्हणजे राग नेमका कशाचा यायला हवा हे कळेल. सिएटलच्या शाळा-कॉलेजांचे तपशील मागाहून वाचलेत तरी चालतील. आजोबांच्या स्टुडिओचं प्रकरण तेवढं सोडू नका; ते फार छान उतरलंय.